उन्हाळ्यातील परसबाग : छाटणी थोडी, खुरपणी अधिक

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरकडे पाण्याच्या टाक्यांची आगगाडी धावू लागली, तेव्हा कुर्डुवाडी–लातूर लोहमार्गावरील ढोकीचे स्थानक तिच्या वाटेवर होते. आरंभीच्या गाडीला दहा टाक्या जोडलेल्या असत व त्यांत पाच लाख लिटर पाणी मावे. पुढे पन्नास टाक्यांच्या गाड्या आल्या. शेजारच्या शहराची तहान भागविण्यासाठी सुमारे ३४२ किलोमीटरवरून पाणी आणावे लागले, त्या उन्हाळ्यात घरामागील लिंबूच्या झाडाला बादलीभर पाणी घालणे हीदेखील चैन वाटावी, अशी परिस्थिती होती.

प्रत्येक वर्ष तसे नसते. तथापि धाराशिव जिल्ह्यातील या गावी चैत्र–वैशाख हे परसबागेच्या कसोटीचेच महिने होत. तेरणा साखर कारखान्यामुळे ढोकीचे नाव उसाशी जोडले गेले असले, तरी गावातील घरामागचा चार-सहा हातांचा तुकडा कालव्यावर नव्हे, तर मोरीच्या सांडपाण्यावर जगतो. पारा चाळीस अंशांच्या वर जातो, काळी जमीन भेगाळते आणि भेगांतून खोलवरची ओल निघून जाते. अशा वेळी हाताशी असलेल्या पाण्यात वाटेकरी किती, हाच खरा प्रश्न असतो.

अनुभव मात्र असा की, उन्हाळ्यात सवड मिळताच प्रथम कोयता बाहेर निघतो. झाडे ‘मोकळी’ केली जातात, फांद्या खोडापर्यंत उतरविल्या जातात. आळ्यातील हरळी आणि लव्हाळा मात्र तसाच राहतो. क्रम नेमका उलटा हवा. पाने कमी झाली की झाडाची पाण्याची गरजही घटते, असा युक्तिवाद केला जातो आणि तो अंशतः खराही आहे. परंतु खोडावरील सावली एकदा गेली की साल उन्हाने भाजून तडकते. शिवाय कठोर छाटणीनंतर झाड कोवळी फूट काढू लागते आणि त्या फुटीला ऐन टंचाईत पाणी अधिक लागते. वाचविलेले पाणी असे दुसऱ्या वाटेने खर्च होते.

म्हणून उन्हाळी छाटणीत काढावयाचे ते झाडाला निरुपयोगी झालेलेच. लिंबूच्या झाडावरील वाळलेल्या फांद्या, ज्यांना बागायतदार ‘सल’ म्हणतात, त्या काढाव्यात. बुंध्यातून सरळ वर धावणारे जोमदार फुटवे काढावेत. फळे लगडलेल्या हिरव्या फांदीस हात लावू नये. केळीच्या बुडाशी एकच पिलू ठेवून बाकीची काढावीत. सीताफळाला तर उन्हाळ्यातील नव्या फुटीवरच कळी येते. त्या वेळी केलेली छाटणी म्हणजे पुढच्या फळांवरच घातलेला घाव. मोगरा या दिवसांत फुलावर असतो, त्याची छाटणी हिवाळ्यातच झालेली बरी. आंब्यावर बांडगूळ दिसल्यास मात्र मुहूर्त पाहत बसू नये. ज्या फांदीत त्याची मुळे शिरली आहेत, ती फांदी गाठीच्या खालून कापावी.

या नियमाला एक ठळक अपवाद आहे, तो शेवग्याचा. शेंगा उतरल्यावर, मे महिन्याच्या अखेरीस शेवगा बिनदिक्कत छाटावा. त्याचे लाकूड ठिसूळ असल्याने उंच गेलेल्या फांद्या वळवाच्या वाऱ्यात मोडतात आणि शेंगाही हाती येत नाहीत. पाला भाजीस व शेळ्यांस उपयोगी पडतो. मनगटाएवढ्या जाडीच्या तीन-चार फुटी फांद्या सावलीत ठेवाव्यात. मृगाच्या पावसावर त्याच लावता येतात.

कापण्याची रीतही पाहिली पाहिजे. जड फांदी वरून तोडली की ती कोसळताना खोडाची साल सोलून नेते. यासाठी आधी खालून अर्धवट काप घ्यावा, मग वरून तोडावी. लांब खुंट ठेवू नये, तो कुजतो. जखमेवर व उघड्या बुंध्यावर बोर्डो मलम लावावे. घरच्या झाडांपुरते १०० ग्रॅम मोरचूद व १०० ग्रॅम कळीचा चुना, प्रत्येकी अर्धा लिटर पाण्यात, मातीच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात वेगवेगळे भिजवून नंतर एकत्र करावेत. मिश्रणात लोखंडी खिळा बुडवून पाहावा. त्यावर तांबूस थर चढला, तर चुना आणखी लागेल असे समजावे. विजेच्या तारांत गेलेल्या फांद्यांचे काम घरच्या माणसांनी करू नये. त्यासाठी वीज कंपनीस कळवावे.

आता खुरप्याकडे वळू. ‘एक कोळपणी, अर्धे पाणी’ असे शेतकरी म्हणतात, ते परसबागेलाही लागू पडते. खुरपणीने तण तर जातेच. शिवाय वरची माती भुसभुशीत होऊन भेगा बुजतात व ओल आत टिकते. पाणी दिल्यावर एक-दोन दिवसांनी, वाफसा आला असता, सकाळी हे काम करावे. आळ्यातील मुळे वरवर असतात, तेव्हा दोन बोटांहून खोल खुरपे घालण्याचे कारण नाही.

हरळी आणि लव्हाळा यांचे प्रकरण निराळे आहे. वरून कापल्याने ती मरत नाहीत. हरळी जमिनीतील काड्यांतून आणि लव्हाळा आपल्या गाठींतून पुन्हा उगवतो. येथे वैशाखाचे ऊनच उपयोगी पडते. मोकळ्या जागेतील माती कुदळीने वीतभर खणून, ढेकळे उलटी करून तशीच तापू द्यावी. वर आलेल्या काड्या व गाठी वेचून कडक उन्हात पूर्ण वाळवाव्यात. ओल्या असताना त्या खताच्या खड्ड्यात टाकल्या, तर पुढील वर्षी खताबरोबर तणाचीच लागवड होते. पावसाळ्यात ज्याला महिनाभर झगडावे लागते, ते काम या दिवसांत ऊन फुकट करून देते.

सांडपाण्याच्या कडेला गाजरगवतही असते. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात नोंदल्या गेलेल्या या परदेशी तणाने पुढे सारा देश व्यापला. एकेका झाडाला हजारो बिया येत असल्याने ते फुलण्यापूर्वीच मुळासकट उपटावे. त्याने अंगास खाज येते व श्वसनाचा त्रास होतो. हातात मोजे अथवा पिशवी घालूनच उपटावे. घराच्या मोरीपाशी, जेथे मुले खेळतात आणि कोंबड्या चरतात, तेथे तणनाशक फवारणे मात्र श्रेयस्कर नव्हे.

अर्थात जे पेरले नाही ते सारेच तण, असेही नाही. घोळ, तांदुळजा, पाथरी या रानभाज्या खुरपणाऱ्या बायाबापड्या वेगळ्या काढून ओट्यात घेतात. उन्हाळ्यात भाजीचे दर चढलेले असता ही निवड शहाणपणाचीच म्हणावी लागेल.

खुरपलेली जागा उघडी ठेवू नये. ढोकीच्या परिसरात उसाच्या पाचटाला तोटा नाही. ते शेतात पेटवून देण्याऐवजी दोन भारे घरी आणून आळ्यात चार बोटे जाड पसरावे. बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी सोडावी, अन्यथा वाळवीला आयते घर मिळते.

हा विषय शाळांच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. शालेय पोषण आहारासाठी शाळांत परसबागा फुलविण्याच्या मार्गदर्शक सूचना केंद्र शासनाने २०१९ मध्ये दिल्या आणि अनेक शाळांनी उत्साहाने वाफे केले. परंतु मे महिन्यात शाळा बंद, फाटकाला कुलूप आणि पाणी कोणी घालावयाचे याचा निर्णय नाही, अशा स्थितीत वर्षभराची मेहनत सहा आठवड्यांत वाळून जाते. शेवटच्या परीक्षेनंतरच्या दोन दिवसांत मुलांकडून खुरपणी करून घ्यावी, संपत आलेल्या भाज्या उपटाव्यात आणि कढीपत्ता, शेवगा, लिंबू, पपई अशा टिकणाऱ्या झाडांच्या आळ्यांत पाचट घालावे. सुटीतील फळभाजी ज्याने पाणी घातले त्याची, असे शाळा व्यवस्थापन समितीने शेजारच्या एक-दोन कुटुंबांशी आधीच ठरवून घेतल्यास झाडांना वाली मिळतो. ग्रामपंचायतीने हातपंपाच्या ओट्यावरील वाहून जाणारे पाणी चर खणून शाळेच्या कुंपणात वळविले, तर आठवड्यातून दोन वेळा झाडे भिजू शकतील. जूनच्या मध्यास मुले परत येतील, तेव्हा सावलीत ठेवलेल्या शेवग्याच्या फांद्या कुंपणाच्या कडेने रोवण्याचे काम त्यांच्यासाठी राखून ठेवावे.