दोन संगणकांचा अबोला

एकाच घरांत दोन संगणक असणें ही आतां परभणी जिल्ह्यांतहि नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. वडिलांच्या हिशेबाचा संगणक बाहेरच्या खोलींत असतो व मुलांच्या अभ्यासाचा लॅपटॉप आंतल्या खोलींत. दोहोंमध्यें वीस पावलांचेंहि अंतर नसतें. तरीहि एकावरील सातबाऱ्याचा उतारा किंवा गुणपत्रिका दुसऱ्यावर न्यावयाची झाली, तर पुष्कळ घरीं ती व्हॉट्सॲपनें अथवा ई-मेलनें धाडतात. म्हणजे बाहेरच्या खोलींतील कागद आधीं दूरच्या परक्या यंत्रावर जातो आणि तेथून फिरून आंतल्या खोलींत येतो!

वस्तुतः या द्राविडी प्राणायामाची गरज नसते. ज्या राउटरमुळें घरांत इंटरनेट येतें, तोच राउटर घरांतील संगणकांस एकमेकांशीं जोडीत असतो. एका संगणकावरील एखादें फोल्डर सामायिक केलें, कीं दुसऱ्यावरून तें उघडतां येतें. यासाठीं रिचार्ज लागत नाहीं. बाहेरची इंटरनेटची तार तुटली असली, तरी राउटर चालू असेपर्यंत घरांतल्या घरांत हा व्यवहार चालतो.

मग लोक हा सरळ मार्ग कां सोडतात? कारण तो मधूनच बंद पडतो, आणि कां बंद पडला हें कळत नाहीं. शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याची मुदत उद्यां संपत असते, दाखला दुसऱ्या संगणकावर असतो, आणि पडद्यावर ‘जोडणी होऊं शकत नाहीं’ अशा अर्थाचें वाक्य उमटतें. अशा वेळीं मनुष्य उतावळा होतो व जें जें कुलूप दिसेल तें तें काढून टाकतो. ही उतावीळ किती महाग पडूं शकते, हें पुढें सांगूं. तत्पूर्वीं दोष कसा शोधावा तें पाहूं.

आपण परगांवीं एखाद्याच्या घरीं जातों, तेव्हां चार गोष्टी जुळाव्या लागतात. तेथवर रस्ता असावा, घर सांपडावें, दार बंद नसावें, आणि घरच्यांनीं आपणांस ओळखावें. संगणकांचेंहि तसेंच आहे. हे चार प्रश्न याच क्रमानें विचारावे. पहिल्याचें उत्तर मिळाल्यावांचून दुसऱ्याकडे वळूं नये.

पहिला प्रश्न रस्त्याचा. दोन्ही संगणक एकाच राउटरवर आहेत काय? एक राउटरवर आणि दुसरा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असेल, तर दोघांनाहि इंटरनेट मिळेल, परंतु ते एकमेकांस भेटणार नाहींत. याची परीक्षा सोपी आहे. विंडोजच्या सेटिंग्जमध्यें चालू जोडणीचे ‘प्रॉपर्टीज’ उघडले असतां ‘आयपीव्ही४ ॲड्रेस’ या शब्दांपुढें एक आंकडा दिसतो. घरगुती जाळ्यांत तो बहुधा १९२.१६८ नें आरंभ होतो, कारण हे आंकडे खासगी जाळ्यांसाठींच राखून ठेवलेले आहेत. एकाचा पत्ता १९२.१६८.१.५ आणि दुसऱ्याचा १९२.१६८.१.८ असेल, म्हणजे पहिले तीन आंकडे सारखे असतील, तर दोघे बहुधा एकाच गल्लींत आहेत असें समजावें. पत्ता १६९.२५४ नें आरंभ होत असेल, तर राउटरकडून संगणकास पत्ताच मिळालेला नाहीं. तेव्हां वायफाय किंवा तार काढून पुन्हां जोडावी. कांहीं राउटरांवर पाहुण्यांसाठीं ‘गेस्ट’ नांवाची निराळी वायफाय असते. तिच्यावरील यंत्रांस घरांतील इतर यंत्रें दिसूं नयेत अशीच तिची योजना असते, हेंहि लक्षांत ठेवावें.

दुसरा प्रश्न घर सांपडण्याचा. आपल्याकडे उन्हाळ्यांत वीज वारंवार जाते. ती परत आल्यावर राउटर नव्यानें चालू होतो आणि कित्येकदां संगणकांस निराळे पत्ते वांटतो. काल ५ क्रमांकावर असलेला संगणक आज ९ क्रमांकावर असतो, आणि आपण मात्र जुन्याच दारावर थाप मारीत राहतों. शिवाय दुसरा संगणक झोपीं गेलेला असेल, तर तो हांकेस उत्तर देत नाहीं. म्हणून प्रथम त्यास जागें करावें. मग फाइल एक्स्प्लोररमधील पत्त्याच्या पट्टींत दोन उलट तिरक्या रेषा देऊन लगेच दुसऱ्या संगणकाचा आजचा पत्ता लिहावा. पत्त्यानें फोल्डर दिसलें, पण नांवानें दिसत नाहीं, असें झाल्यास रस्ता व दार ठीक असून दोष केवळ नांव शोधण्यांत आहे. त्यासाठीं ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ चालू आहे कीं नाहीं तें पाहावें. पत्ता वारंवार बदलूं नये असें वाटल्यास बहुतेक राउटरांत तो त्या संगणकासाठीं कायमचा राखून ठेवण्याची सोय असते.

तिसरा प्रश्न दाराचा. विंडोज प्रत्येक जोडणीस ‘पब्लिक’ किंवा ‘प्रायव्हेट’ असा शिक्का मारतें. परभणीच्या स्थानकावर किंवा वसतिगृहांत जाळें जोडलें असतां आपलीं फोल्डरें परक्यांस दिसूं नयेत, म्हणून ‘पब्लिक’ जाळ्यावर दार लावून घेतलेलें असतें. ही व्यवस्था चांगलीच आहे. परंतु घरीं नवा राउटर आणला, कीं संगणकास तें जाळें अनोळखी वाटतें व तो त्यालाहि ‘पब्लिक’ ठरवितो. काल चालणारें काम आज बंद पडण्याचें हें एक नेहमींचें कारण आहे. घरच्या जाळ्यास, आणि फक्त घरच्याच जाळ्यास, ‘प्रायव्हेट’ करावें आणि ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ चालू करावें. फायरवॉल, म्हणजे दारावरचा पहारेकरी, समूळ काढून टाकण्याचें कारण नाहीं. एका पाहुण्यास आंत घ्यावयाचें, तर त्याची ओळख पहारेकऱ्यास सांगावी. पहारेकऱ्यासच घरीं धाडूं नये.

चौथा प्रश्न ओळखीचा. येथें तीन गोष्टी बहुतांस ठाऊक नसतात. एक, संगणक उघडण्यासाठीं आपण जो चार-सहा आंकड्यांचा ‘पिन’ वापरतों, तो त्याच यंत्रापुरता असतो. दुसऱ्या संगणकावरून येतांना खात्याचा पूर्ण पासवर्डच लागतो. दोन, ज्या खात्यास पासवर्डच नाहीं, त्या खात्यानें जाळ्यावरून येऊं देण्यास विंडोज सामान्यतः नकार देतें. तीन, सामायिक फोल्डरावर परवानग्यांच्या दोन याद्या असतात. एक ‘शेअरिंग’ची व दुसरी ‘सिक्युरिटी’ची. दोन्ही याद्यांनीं होकार दिला, तरच फाइल हातीं येते. फोल्डर दिसतें पण उघडत नाहीं, अशी तक्रार असल्यास दोष बहुधा येथेंच सांपडतो. पासवर्ड नुकताच बदलला असेल, तर ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मध्यें जपून ठेवलेला जुना पासवर्ड काढून टाकावा.

हे चारहि प्रश्न सुटले तरी कधीं अडचण उरते, ती भाषेची. परभणीवरून जाणाऱ्या मनमाड-सिकंदराबाद मार्गावर पूर्वीं मीटरगेज रूळ होते आणि मनमाडहून मुंबईकडे ब्रॉडगेज. एका रुळाचा डबा दुसऱ्यावर चालत नसे. म्हणून मनमाडला माल उतरवून पुन्हां भरावा लागे. विंडोज संगणक फाइलींची देवघेव ‘एसएमबी’ नांवाच्या पद्धतीनें करतात. तिची पहिली आवृत्ति जुनी झाली असून विंडोज एक्सपीस तेवढीच येते. तीमधील दोष ध्यानीं आल्यावर २०१७ च्या अखेरीपासून नव्या विंडोजमधून ती काढून टाकण्यास प्रारंभ झाला. म्हणून जुना संगणक आणि नवा लॅपटॉप यांचें कधीं कधीं जुळत नाहीं.

अशा वेळीं ‘जुनी एसएमबी चालू करा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकण्यापूर्वीं २०१७ सालीं काय घडलें तें आठवावें. त्या वर्षीच्या १२ मे रोजीं ‘वॉनाक्राय’ नांवाचा खंडणीखोर प्रोग्रॅम याच जुन्या पद्धतींतील छिद्रांतून शिरला आणि सुमारें १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांतील फाइली त्यानें कुलूपबंद केल्या. त्या छिद्रावरील उपाय मायक्रोसॉफ्टनें मार्चमध्येंच प्रसिद्ध केला होता. ज्यांनीं तो बसविला नव्हता, ते फसले. पुढें २७ जून रोजीं ‘नॉटपेट्या’ हा दुसरा प्रोग्रॅम पसरला. त्याच्या अनेक मार्गांपैकीं एक मार्ग हेंच छिद्र होतें. त्याच्या तडाख्यानें मर्स्क या डॅनिश कंपनीचें काम जगभर खोळंबलें आणि आपल्या महाराष्ट्रांतील न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरांत तिच्या समूहाच्या टर्मिनलचेंहि काम विस्कळित झालें. बंदराची जेथें ही गत, तेथें घरांतील एकुलत्या एका संगणकाची काय कथा! त्यांत जमिनीचे कागद असतात, जातीचे दाखले असतात, आणि हयात नसलेल्या आजी-आजोबांचीं छायाचित्रें असतात.

म्हणून जुन्या यंत्रांतील फाइली पेनड्राइव्हनें काढून घ्याव्या व तें यंत्र जाळ्यापासून दूर ठेवावें, हें उत्तम. विंडोज १० चा नियमित आधारहि १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला आहे, याची पालकांनीं नोंद घ्यावी. तसेंच विंडोज ११ च्या २०२४ मधील आवृत्तीच्या ‘प्रो’ प्रकारांत बिनपासवर्ड ‘पाहुणा’ म्हणून दुसऱ्या यंत्रांत शिरण्याची वाट मुळांतच बंद केलेली असते. अद्ययावत केल्यावर फोल्डर उघडेनासें झालें, तर तो बिघाड न मानतां त्या खात्यास पासवर्ड द्यावा.

विद्यार्थ्यांस शेवटीं एवढेंच सांगणें आहे. प्रयोगशाळेंत आपण एका वेळीं एकच गोष्ट बदलून परिणाम पाहतों. येथेंहि तसेंच करावें. काय बदललें तें वहींत लिहावें, आणि त्यानें कांहीं साधलें नाहीं तर तें पूर्ववत् करून मगच पुढें जावें. संगणक सर्वांसाठीं उघडा टाकल्यानेंहि फाइल कदाचित् मिळेल. पण दोष कोठें होता तें कळणार नाहीं, आणि दार मात्र कायमचें सताड राहील. ज्यानें रस्ता, घर, दार व ओळख या क्रमानें शोध घेतला, त्याला पुढच्या वेळीं पांच मिनिटेंहि लागणार नाहींत, आणि उद्यांच्या मुदतीचा अर्ज आजच भरून होईल.