मराठी शोधाचे साधन : घरच्या संगणकापासून सार्वजनिक भांडारापर्यंत

पनवेल तालुक्यातील विचुंबे हे नवीन पनवेलच्या शेजारचे गाव. अशा गावातील शेतकऱ्यांची एक यादी दोन व्यक्तींनी मिळून संगणकावर टंकलिखित केली, असे समजू. काही दिवसांनी ‘शेतकऱ्यांची’ हा शब्द त्या मजकुरात शोधावयास सांगितले असता संगणक निम्म्याच नोंदी दाखवितो. उरलेल्या नोंदी डोळ्यांना स्वच्छ दिसतात, त्यांत शुद्धलेखनाची चूकही नसते. तरीही त्या सापडत नाहीत. यादीवर एखाद्याचा लाभ अवलंबून असेल, तर ही अडचण क्षुल्लक म्हणता येणार नाही.

या अडचणीचे मूळ एका अक्षरात आहे. ‘दऱ्या’, ‘पुऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘शेतकऱ्यांची’ या शब्दांत येणारा आडवा अर्धा ‘र’ हे मराठी लेखनाचे वैशिष्ट्य होय. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. ‘आचार्यांना’ दिलेला मान वेगळा आणि ‘आचाऱ्यांना’ दिलेला शिधा वेगळा. युनिकोड या जागतिक अक्षरसंकेतात हा आडवा ‘र’ दोन प्रकारे लिहिता येतो. पहिल्या प्रकारात नुक्ता असलेला ‘ऱ’ व हलन्त चिन्ह येते. दुसऱ्या प्रकारात साधा ‘र’, हलन्त चिन्ह आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह येते. त्यामुळे ‘ऱ्य’ या जोडाक्षरासाठी एका लेखनात तीन संकेत साठविले जातात, तर दुसऱ्यात चार. कागदावर दोन्ही एकच दिसतात. संगणकाच्या लेखी मात्र ते दोन निरनिराळे शब्द ठरतात. ‘ॲ’ या अक्षराचीही अशीच स्थिती आहे. त्याला स्वतंत्र संकेत युनिकोडच्या २००८ मधील ५.१ या आवृत्तीत मिळाला. तत्पूर्वी ते ‘अ’ आणि चंद्र जोडून लिहिले जाई, व तसे लेखन आजही आढळते.

या प्रश्नावर उपाय कठीण नाही. शोध घेताना दोन्ही रूपे एकच मानावीत, एवढी सूचना संगणकास देणारी छोटी आज्ञावली पुरेशी आहे. विचुंब्यातील एखाद्या विद्यार्थिनीने ती आपल्या घरी लिहिली, तर तिचे स्वतःचे काम भागेल. परंतु तेच साधन चंद्रपूरच्या लिपिकाला, बेळगावच्या शिक्षकाला अथवा परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबाला मिळावयाचे असेल, तर ते सार्वजनिक भांडारात दाखल झाले पाहिजे. ही वाट कशी असते, याची माहिती येथे दिली आहे. उदाहरणादाखल ‘ग्नू एमॅक्स’ हा मजकूर-संपादक घेतला आहे.

संपादक आणि त्याची भांडारे

मजकूर-संपादक म्हणजे मजकूर लिहिण्याची, दुरुस्त करण्याची व शोधण्याची आज्ञावली. एमॅक्सचा पहिला अवतार १९७६ मध्ये अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत निर्माण झाला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ मध्ये ‘ग्नू एमॅक्स’ सर्वांसाठी खुला केला. २००९ मधील २३ व्या आवृत्तीपासून त्याची अंतर्गत अक्षररचना युनिकोडवर आधारलेली आहे. देवनागरीसाठी इनस्क्रिप्ट कळफलकाची सोयही त्यात आहे. लिस्प या भाषेत पूरक आज्ञावली लिहून कोणीही त्यात नवी सोय जोडू शकतो. अशी पूरक आज्ञावली आपोआप आणून बसविण्याची व्यवस्था २०१२ मधील २४ व्या आवृत्तीपासून एमॅक्समध्येच अंतर्भूत झाली.

या आज्ञावल्या ज्या भांडारांतून येतात, त्यांपैकी तीन प्रमुख आहेत. ‘ग्नू एल्पा’ हे अधिकृत भांडार असून त्यात येणाऱ्या लक्षणीय लेखनाचा स्वामित्वहक्क फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे सोपविण्याचे कागदपत्र पूर्ण करावे लागतात. ‘नॉन-ग्नू एल्पा’ला अशा कागदपत्रांची अट नाही. तिसरे भांडार ‘मेल्पा’ हे स्वयंसेवक चालवितात. तेथे पाच हजारांहून अधिक पॅकेजे आहेत. मात्र मेल्पाचा पत्ता वापरकर्त्याला आपल्या संपादकात स्वतः नोंदवावा लागतो. पुढील विवेचन मुख्यतः मेल्पाच्या पद्धतीस अनुसरून केले आहे.

आधी परवाना, मग नाव

पहिली गोष्ट परवान्याची. साधन कोणी वापरावे, कोणी बदलावे व कोणी पुढे द्यावे, हे लेखी स्पष्ट असले पाहिजे. मेल्पास ग्नू सार्वजनिक परवान्याशी सुसंगत असा मुक्त परवाना लागतो. परवाना नसलेली आज्ञावली वाटेवर पडलेल्या वस्तूसारखी असते. उपयोगाची दिसली तरी ती उचलण्याचा अधिकार कोणाला आहे, हे कळत नाही.

दुसरी गोष्ट नावाची. आपण या साधनाला ‘मराठी-शोध’ म्हणू. (प्रत्यक्षात ही नावे रोमन लिपीत लिहिली जातात.) एमॅक्समध्ये सर्व आज्ञावल्यांची नावे एकाच नामावलीत राहतात. एका गावात एकाच नावाची दोन माणसे असली की टपाल चुकते, तसाच प्रकार येथे घडतो. यास्तव साधनातील प्रत्येक क्रियेच्या व चलाच्या प्रारंभी पॅकेजचे नाव लावावे, असा नियम आहे. त्याचप्रमाणे, त्याच कामाचे दुसरे साधन भांडारात आधीच आहे काय, हेही पाहावे लागते. असल्यास नवे काढण्यापेक्षा जुन्यातच भर घालणे हितावह ठरते.

फाइलच्या मस्तकावर काय हवे?

औषधाच्या बाटलीवर जशी चिठ्ठी, तसा फाइलचा शीर्षभाग. पहिल्या ओळीत फाइलचे नाव व एका वाक्यातील वर्णन असते. त्याखाली लेखकाचे नाव, आवृत्ती, मूळ ठिकाणाचा पत्ता, विषयसूचक शब्द आणि एमॅक्सची किमान कोणती आवृत्ती लागेल, ही माहिती येते. त्यानंतर साधनाचे प्रयोजन व वापर सांगणारे विवरण आणि मग प्रत्यक्ष आज्ञा. फाइल कोठे संपते, हे सांगणारी अखेरची ओळही ठरलेली आहे. हा तपशील माणसांप्रमाणे यंत्रही वाचते. त्यावरूनच भांडाराची सूची तयार होते. पुनरीक्षक निरनिराळ्या देशांतील असल्याने विवरण इंग्रजीत देण्याचा प्रघात आहे. सोबत मराठी मार्गदर्शिका जोडल्यास ज्यांच्यासाठी साधन घडविले, त्यांची सोय होईल.

वापरकर्त्याच्या कामात ढवळाढवळ नको

केवळ साधन बसविल्याने वापरकर्त्याच्या संपादकाचे वर्तन बदलता कामा नये. त्याने स्वतः ते सुरू केले, तरच त्याने काम करावे, हा एक महत्त्वाचा संकेत आहे. आपल्या उदाहरणात त्याचे मोल विशेष आहे. ‘मराठी-शोध’ने दोन्ही रूपे शोधून द्यावीत, परंतु मूळ यादीतील एकही अक्षर परस्पर बदलू नये. नोंदवहीत दुरुस्ती करावयाची किंवा नाही, हा निर्णय ती नोंदवही सांभाळणाऱ्याचा आहे.

तपासणी व पुनरीक्षण

साधन पाठविण्यापूर्वी ते घरीच तपासावे. बाइट-संकलनात एकही इशारा निघू नये. ‘चेकडॉक’ ही सोय प्रत्येक क्रियेचे वर्णन नियमानुसार आहे काय, हे पाहते. ‘पॅकेज-लिंट’ शीर्षभाग, नावे व आवृत्तीच्या अटी यांतील दोष दाखविते. तथापि यंत्राला न कळणारी एक चाचणी मराठी लेखकालाच करावी लागेल. ‘दऱ्या’ शोधताना त्याची दोन्ही लेखनरूपे सापडली पाहिजेत, आणि ‘दर्या’ मात्र सापडता कामा नये. ‘आचाऱ्यांना’ शोधणाऱ्यापुढे ‘आचार्यांना’ उभे राहिले, तर साधनाने एक अडचण दूर करून दुसरी निर्माण केली, असेच म्हणावे लागेल.

त्यानंतर अर्जाची पायरी येते. मेल्पास तयार पॅकेज पाठवावयाचे नसते. आज्ञावली गिटसारख्या आवृत्ती-नोंद पद्धतीने सार्वजनिक ठिकाणी ठेवावयाची आणि तिचा पत्ता सांगणारी दोन-तीन ओळींची फाइल सादर करावयाची. या फाइलला तेथे ‘रेसिपी’, म्हणजे पाककृती, असेच म्हणतात. तीवरून भांडार मूळ लेखन आणून पॅकेज स्वतः तयार करते. हीच कृती आधी आपल्या संगणकावर करून, तयार झालेले पॅकेज बसवून पाहणे अपेक्षित असते.

सादर झालेला अर्ज स्वयंसेवक वाचतात आणि शंका विचारतात. कोठे नाव बदला, कोठे अनावश्यक भाग काढा, अशा सूचना येतात. नवशिक्याला त्या कठोर वाटण्याचा संभव आहे. परंतु अनोळखी व्यक्तीने लिहिलेली आज्ञावली असंख्य लोकांच्या संगणकांवर चालणार असते, हे ध्यानी घेतले म्हणजे या काटेकोरपणाचे कारण उमगते.

प्रवेशानंतरची जबाबदारी

अर्ज मान्य झाल्यावर मूळ लेखनात होणारा प्रत्येक बदल भांडार वेळोवेळी उचलते आणि त्यास तारीख व वेळ यांवरून आवृत्तिक्रमांक देते. लेखकाने खूण करून जाहीर केलेल्या आवृत्त्याच हव्या असतील, तर ‘मेल्पा स्टेबल’ ही वेगळी शाखा आहे. अर्थात, सकाळी केलेली चूक सायंकाळपर्यंत दूरदूरच्या वापरकर्त्यांकडे पोहोचू शकते. म्हणून तक्रारींना उत्तर देणे, संपादकाच्या नव्या आवृत्तीत साधन चालते काय हे पाहणे आणि स्वतःला सवड नसेल तेव्हा काम दुसऱ्याकडे सोपविणे, ही लेखकाची कर्तव्ये ठरतात. प्रारंभी घेतलेला मुक्त परवाना येथे उपयोगी पडतो. मूळ लेखक थांबला तरी दुसऱ्याला ते काम पुढे नेता येते.

१९६४ च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमाने मराठीला राज्यकारभारात स्थान दिले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली. या भाषेतील प्रत्येक नोंद संगणकावर अचूक सापडावी, ही त्यापुढची गरज आहे. तिच्यासाठी मोठ्या प्रयोगशाळेची अपेक्षा नाही. आडवा ‘र’ ओळखणारा डोळा, थोडे लिस्पचे ज्ञान आणि नियम पाळण्याची चिकाटी असली, तर विचुंब्यातील एका खोलीतूनही हे काम होऊ शकते. आणि यादीतून निसटलेले एखाद्या शेतकऱ्याचे नाव पुन्हा सापडू शकते.