हरणाच्या शिकारीची गोळी

रायफलच्या काडतुसाचे चार भाग असतात : पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली प्रायमरची टोपी, आत भरलेली धूरविरहित दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. बोलण्यात अख्ख्या काडतुसालाच गोळी म्हणतात. पण खरी गोळी म्हणजे नळीतून बाहेर पडणारा तेवढा धातूचा तुकडा. बार उडाला की टोपी निकामी होते, दारू जळून जाते, पुंगळी मात्र शाबूत उरते. ती पुन्हा मापात आणून तिच्यात नवी टोपी, तोलून घेतलेली दारू आणि नवी गोळी बसवली की काडतूस परत तयार होते. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हरणाची शिकार बंद आहे. अमेरिकेत मात्र राज्यांचे वन्यजीव विभाग ठरावीक हंगामापुरते परवाने देतात, आणि हंगामाआधी स्वतःची काडतुसे घरी भरणारे शिकारी तिथे पुष्कळ आहेत. या चार भागांपैकी जनावरापर्यंत पोहोचते ती फक्त गोळी. ती चुकीची निवडली तर बाकी सगळी काटेकोर मेहनत वाया जाते आणि त्याची किंमत हरीण भोगते.

अमेरिकेतल्या हरणांत सर्वाधिक शिकार होते ती पांढऱ्या शेपटीच्या हरणाची. हे फार जाड कातडीचे किंवा दणकट हाडांचे जनावर नव्हे. नेम धरायचा तो पुढच्या पायामागे, हृदय आणि फुफ्फुसांवर. तिथे गोळीला दोन परस्परविरोधी कामे करावी लागतात. शरीरात शिरताच तिने अळंबीसारखे फुलायचे, म्हणजे जखम रुंद होऊन मृत्यू झटपट येतो. आणि फुलूनही फुटायचे नाही, म्हणजे ती दोन्ही फुफ्फुसे भेदून जाते. न फुलणारी गोळी बारीक छिद्र पाडून निघून जाते आणि हरीण मैलभर धावून कुठेतरी झुडपात तडफडत मरते. लगेच फुटणारी गोळी खांद्यावरच विखुरते आणि मांसही नासवते. गोळीची सारी निवड या दोन टोकांमधली आहे.

फुलणाऱ्या गोळीच्या इतिहासात कोलकात्याजवळच्या दमदमचे नाव कायमचे कोरले गेले आहे. तिथल्या शस्त्रागारात १८९० च्या दशकात टोकावरचे कवच काढून शिसे उघडे ठेवलेल्या गोळ्या बनवल्या गेल्या. हेगच्या १८९९ च्या जाहीरनाम्याने अशा गोळ्या युद्धात निषिद्ध ठरवल्या. शिकारीत नियम नेमका उलटा आहे : अमेरिकेतल्या अनेक राज्यांत हरणासाठी पूर्ण कवचाची लष्करी धाटणीची गोळी वापरायला मनाई आहे, कारण ती फुलत नाही.

जुनी आणि स्वस्त रचना म्हणजे तांब्याच्या मिश्रधातूचे पातळ कवच आणि आत शिशाचा गाभा. टोकाला शिसे उघडे असते किंवा त्यावर प्लॅस्टिकची टोपी असते. ही टोपी हवेचा विरोध कमी करते आणि आदळताच मागे दबून गोळी फुलवते. मध्यम वेगाच्या काडतुसांत आणि मध्यम आकाराच्या हरणासाठी ही साधी गोळी पुरेशी आहे. महागड्या गोळीने हरीण अधिक मरत नाही. अडचण येते ती वेग फार वाढला किंवा जनावर मोठे असले तर. १९४६ मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात जॉन नॉस्लर यांच्या गोळ्या चिखलाने माखलेल्या मूस जातीच्या मोठ्या हरणावर आदळून वरच्यावर फुटल्या. त्यांनी गोळीच्या आत मधोमध तांब्याची आडभिंत घातली : पुढचे शिसे फुलते, मागचे जागेवर राहून गोळीला आत ढकलत नेते. ही ‘पार्टिशन’ गोळी आजही विकली जाते. पुढे शिसे कवचाला सांधून टाकण्याची पद्धत आली, आणि १९८० च्या दशकाअखेर बार्न्स कंपनीची संपूर्ण तांब्याची ‘एक्स’ गोळी. तिचे टोक पाकळ्यांसारखे उलगडते आणि वजन जवळपास सगळे टिकते.

फुलणे वेगावर अवलंबून असते, म्हणून अंतराचा विचार करावाच लागतो. .३०८ विंचेस्टरच्या काडतुसातून १५० ग्रेनची, म्हणजे सुमारे पावणेदहा ग्रॅमची गोळी साधारण सेकंदाला ८५० मीटर वेगाने निघते आणि प्रत्येक शंभर मीटरला मंदावत जाते. शिशाच्या बऱ्याच गोळ्या वेग सेकंदाला साडेपाचशे मीटरपर्यंत उतरला तरी नीट फुलतात. तांब्याच्या गोळीला सहसा त्याहून अधिक वेग लागतो. म्हणून लांबच्या माऱ्यासाठी कठीण गोळी घेणे ही दिसते तेवढी शहाणपणाची गोष्ट नाही.

वजनाचा प्रश्न नळीशी बांधलेला आहे. नळीतले आटे गोळीला गरगर फिरवतात आणि त्या फिरण्यानेच ती टोक पुढे ठेवून सरळ जाते. गोळी जितकी लांब, तितका आट्यांचा पीळ घट्ट हवा. तांबे शिशाहून हलके असल्याने तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी अधिक लांब होते. सैल पिळाच्या नळीत ती डगमगू शकते. शिवाय ती पुंगळीतली जागाही जास्त अडवते आणि दाब वाढतो. गोळी बदलली की दारूचे जुने माप तसेच चालू ठेवणे म्हणजे रायफल आणि डोळे दोन्ही धोक्यात घालणे. त्या गोळीच्या निर्मात्याने छापलेल्या कोष्टकातले सुरुवातीचे, कमी माप घेऊनच पुन्हा आरंभ करावा लागतो. .३०-३० सारख्या, नळीखालच्या लांब पोकळीत काडतुसे एकामागे एक ठेवणाऱ्या रायफलला आणखी एक बंधन आहे : मागच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या टोपीवर टेकते, त्यामुळे धातूचे अणकुचीदार टोक धक्क्याने बार उडवू शकते. तिथे चपट्या किंवा मऊ टोकाचीच गोळी हवी.

नेमबाजीच्या स्पर्धेतली गोळी शिकारीला वापरण्याचा मोह अनेकांना होतो, कारण कागदावर तिची छिद्रे एकमेकांना चिकटून पडतात. तिच्या टोकाला बारीक भोकही असते. पण ते फुलण्यासाठी नसते. कवच बुडाकडून बंद करत आणताना टोकाशी उरलेले ते तोंड आहे. अशी गोळी कधी न फुलताच आरपार जाते, तर कधी चिंधड्या होते. हरणाच्या छातीतले मर्मस्थान वीतभर रुंद असते. तिथे शिकारी गोळीची अचूकता पुरून उरते.

गेल्या काही वर्षांत निवडीत गिधाडेही आली आहेत. शिशाची गोळी फुलताना तिचे बारीक कण मांसात आणि जंगलात टाकून दिलेल्या आतड्यांत पसरतात. १९८२ मध्ये अवघी २२ उरलेली कॅलिफोर्नियाची काँडोर गिधाडे पिंजऱ्यात वाढवून पुन्हा मोकळी सोडली गेली, आणि मोकळ्या पक्ष्यांना शिशाची विषबाधा मोठ्या प्रमाणावर मारू लागली. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या औषधाने भारतीय गिधाडांचे जे केले, त्याच जातीची ही वाट : मेलेल्या जनावरातून जिवंत पक्ष्यात. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्या पूर्णपणे बंद केल्या. अमेरिकेत इतरत्र बहुतेक ठिकाणी तांब्याची गोळी ऐच्छिक आहे. ती महाग पडते, पण घरी खाल्ले जाणारे मांस आणि आकाशातला पक्षी यांचा विचार केला तर तो खर्च योग्यच ठरतो.

निवडलेली गोळी आधी चांदमारीवर तपासली जाते. खरी परीक्षा नंतर होते. गोळी बहुतेक वेळा आरपार जाते, पण कधी ती पलीकडच्या कातडीखाली अडकलेली सापडते. जाणते शिकारी ती धुऊन तराजूवर ठेवतात, फुललेल्या टोकाचा व्यास मोजतात, आणि अंतर, वेग व उरलेले वजन वहीत टिपून ठेवतात.