गंजाला अडवतो तो गंजच!

गंज म्हटला की डोळ्यासमोर येते ती हॉस्टेलच्या खिडकीची जाळी. पावसाळा आणि लोखंड, झालं! पण औष्णिक वीजकेंद्राच्या बॉयलरमध्ये ओल नसतानाही पोलाद गंजतं. सुपरहीटरच्या नळ्यांमधून सुमारे ५४० अंश सेल्सिअस तापमानाची वाफ जाते; नळी बाहेरून त्याहूनही गरम असते. एक नळी फुटली की अख्खं युनिट बंद! खिडकीची जाळी रंगवून भागतं, इथे ऑइल पेंट काही मिनिटंही टिकणार नाही.

आधी शत्रू कोण ते पाहू. साधारण ५७० अंशांच्या पुढे लोखंडाचा ऑक्साइड भराभर वाढतो आणि त्याचे पोपडे निघतात. शिवाय राखेतले सोडियम, पोटॅशियम आणि धुरातला गंधक यांचे सल्फेट क्षार नळीवर साचतात. नुसतं सोडियम सल्फेट ८८४ अंशांना वितळतं. पण लोखंड मिसळून झालेले मिश्र क्षार साडेपाचशेच्या पुढेच पातळ होऊ लागतात. मग ते नळीवरचा ऑक्साइडचा थर चक्क विरघळवतात.

यावर उपाय म्हणजे क्रोमियम. निकेल आणि क्रोमियम निम्मे-निम्मे असलेल्या मिश्रधातूची पावडर एच.व्ही.ओ.एफ. गनमधून आवाजापेक्षा जास्त वेगाने नळीवर मारतात. कण आपटून चपटे होतात आणि एक मिलिमीटरपेक्षाही पातळ लेप बसतो. गंमत अशी, की हा लेपसुद्धा गंजतो! मात्र क्रोमियमचा ऑक्साइड घट्ट असतो आणि अगदी सावकाश वाढतो, त्यामुळे ऑक्सिजनला आत शिरणं अवघड जातं. तो कुठे तडकला तर खालचं क्रोमियम पुन्हा नवा थर धरतं, जखमेवर खपली धरावी तसा.

मग थेट ऑक्साइडच का लावू नये? कारण तो ठिसूळ असतो. बॉयलर तापताना-थंड होताना त्याला भेग पडली, तर ती बुजवायला खाली क्रोमियमचा साठा नसतो. धातूच्या लेपाची खरी कमाई हा साठाच. तो संपला की लेपही संपला. लेपात छिद्रं राहिली किंवा आधी ग्रिट ब्लास्टिंग नीट झालं नाही, तर तो त्याआधीच सुटतो.

भारतीय कोळशात गंधक कमी, पण राख बऱ्याचदा ३० ते ४५ टक्के. ती पॉलिशपेपरसारखी नळी घासते. म्हणून इथे निकेल-क्रोमियममध्ये क्रोमियम कार्बाइडचे कठीण कणही घालतात.

वाफ जितकी गरम, तितकी तेवढ्याच कोळशात जास्त वीज. पण वाफ किती तापवायची, हे शेवटी नळीचं पोलाद ठरवतं. म्हणूनच त्या पातळ लेपाला एवढं महत्त्व!