एका थेंबात पाच वेलदोडे

पुरण वाटून झालं, पातेलं खाली उतरलं, की मग आई वेलदोडे सोलायला बसायची. त्याआधी कधीच नाही. खलबत्त्यात काळे, किंचित चिकट दाणे, वर चमचाभर साखर आणि दहा-बारा ठोके. साखरेशिवाय दाणा नीट कुटला जात नाही, एवढंच ती सांगे. ते खरंच आहे, पण साखर आणखी एक काम करते: फुटलेल्या दाण्यातून सुटणारं तेल ती अंगाला लावून घेते.

वेलदोड्याचा स्वाद म्हणजे हे तेल. ते टरफलात जवळजवळ नसतंच. दाण्याच्या आवरणाखालच्या बारीक पेशींत साठलेलं असतं. शंभर ग्रॅम चांगल्या दाण्यांत साधारण 5 ते 8 ग्रॅम. टरफल शाबूत असेतो ते टिकतं, दाणे उघडे पडले की उडू लागतं. म्हणून तयार वेलची पूड महिनाभरात नुसती भुकटी होते.

तेल काढताना भरडलेल्या दाण्यांतून वाफ सोडतात. वाफ तेलाला सोबत घेऊन जाते, थंड झाली की पाणी खाली राहतं आणि फिकट पिवळं तेल वर तरंगतं. त्यात मुख्य घटक दोन. एक सिनिओल, निलगिरीच्या तेलातलाच, गार आणि झोंबरा. दुसरा टर्पिनिल ॲसिटेट, गोडसर, फुलांसारखा. वेलदोड्याचा गोडवा या दुसऱ्यामुळे. मसाला वेलचीत सिनिओलचंच राज्य, शिवाय ती धुरावर वाळवलेली. म्हणून ती गोड्या मसाल्यात शोभते, श्रीखंडात नाही.

आता या तेलाच्या बाटलीकडे येऊ. एका थेंबात ढोबळ हिशेबाने चार-पाच वेलदोड्यांचं तेल असतं. हा हिशेब न करता मी पहिल्यांदा किलोभर चक्क्यात सहा थेंब घातले. श्रीखंडाला छातीला चोळायच्या मलमाचा वास आला आणि कडवटपणा जिभेवर रेंगाळला. घरात कुणी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही. तेव्हापासून दोन मोठे चमचे पिठीसाखरेत एकच थेंब चोळते, ती साखर थोडी थोडी मिसळते आणि चाखत जाते. खलबत्त्यातली आईची साखर इथेही उपयोगी पडली.

हे तेल पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थांत छान मुरतं. त्यामुळे चहात ते तवंग धरून पहिल्याच घोटाला झोंबतं. तिथे ठेचलेली वेलचीच हवी. लाडवांसाठी थेंब कोमट तुपात मिसळावा. बासुंदीत घालायचा तर गॅस बंद केल्यावर, उकळत्या दुधात तो वाफेबरोबर निघून जातो. बाटलीवर खाद्य वापरासाठी असल्याचं स्पष्ट लिहिलेलं हवं. सुगंधासाठी विकलं जाणारं तेल स्वयंपाकात नको, आणि शुद्ध तेल थेट जिभेवर तर नकोच. वेलची इसेन्स ही निराळी, पातळ केलेली आणि पुष्कळदा कृत्रिम वस्तू.

श्रीखंड, कुल्फी, पेढे, जिथे पोत अगदी मऊ हवा तिथे मी तेल वापरते. पुरणाला मात्र नाही. पुरणात दाताखाली मधूनच एखादा अर्धवट कुटलेला दाणा येतो, जायफळासोबत तोंडात फुटतो. तेवढ्यासाठी खलबत्ता अजून ओट्यावरच आहे.