कासवाच्या पेटीत खाली काय टाकायचं?

जालन्यातल्या कासवप्रेमींनो, सल्काटाचं पिल्लू पाळत असाल तर हे वाचाच! 🐢

❌ नुसती वाळू: खाण्याबरोबर पोटात जाऊन आतडं तुंबू शकतं.
❌ वखारीतला भुसा: धूळ डोळ्यां-नाकात जाते. देवदार, पाइनचा तर नकोच.
❌ फरशी किंवा वर्तमानपत्र: पाय घसरतात, उकरता येत नाही.
❌ कपाशीच्या रानातली माती: फवारणीचा अंश असू शकतो. शिवाय आपली काळी माती ओली झाली की चिकटते, वाळली की भेगाळते.

✅ नर्सरीतलं कोकोपीट धुऊन घ्या. त्यात खत-औषध न घातलेली, चाळलेली पोयट्याची माती मिसळा. थर १० सेंमी तरी हवा. मुठीत दाबून पाहा: गोळा व्हावा, पण पाणी गळू नये. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात हा ओलावा महत्त्वाचा. तो नसेल तर पिल्लाची पाठ उंचवट्यांची होते. घाण रोज काढा, बुरशी दिसली तर सगळा थर बदला.

⚠️ सल्काटाची नोंदणी ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते. आपलं भारतीय तारा कासव मात्र वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार घरी पाळताच येत नाही. कुणी विकताना दिसलं, तर वन विभागाला १९२६ वर कळवा.