जुन्या मोटारीचा मूळ रंग

जुन्या मोटारीला कारखान्यात दिलेला रंग शोधताना बॉनेटवर विसंबू नये. तिथला रंग उन्हाने उडालेला असतो. अस्सल छटा डॅशबोर्डमागे किंवा दाराच्या रबराखाली शाबूत राहते. तिथे बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने घासला की एकेक थर उघडा पडतो: वरचे नंतरचे रंग, मग मूळ रंग, प्रायमर, शेवटी पत्रा. कोरडे घासणे धोक्याचेच, कारण जुन्या रंगांत अनेकदा शिसे असते. छटा यंत्राने मोजली तरी अखेरचा निवाडा नव्या रंगाच्या वाळलेल्या नमुन्यावर, दिवसाच्या उजेडात करावा. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग बाहेर फसवतो.

अहिल्यानगरला १९९४ साली उभ्या राहिलेल्या रणगाडा संग्रहालयात रोल्स-रॉईसची सिल्व्हर घोस्ट चिलखती गाडी आहे. अशा लष्करी वाहनांचे रंग रणभूमीप्रमाणे बदलत. त्यामुळे कोणता थर ‘मूळ’ मानायचा, हे खरडण्याआधीच ठरवावे लागते.